कव्हरवर काबा, आत भलतेच

वीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. गावच्या उरुसात, दर्ग्याच्या वाटेवर, फुलांच्या आणि शिरणीच्या दुकानांच्या रांगेत सीडी विकणारा एक जण बसायचा. त्याच्याकडून मी अम्मीसाठी चाळीस रुपयांना एक सीडी घेतली. कव्हरवर काबा शरीफचे चित्र, मागे वाळवंट, घोडेस्वारांची फौज आणि कोपऱ्यात अँथनी क्विनचा चेहरा. मुस्तफा अक्काद यांच्या ‘द मेसेज’मध्ये क्विनने हजरत हमजांची भूमिका केली, हे मला ऐकून माहीत होते. तोच चित्रपट हिंदीत मिळाला म्हणून मी खुशीत घरी आलो.

अम्मीने वुजू केला, डोक्यावर पदर घेतला आणि टीव्हीपुढे बसली. पडद्यावर कुठल्याशा वाड्याच्या अंगणात चिकटवलेल्या दाढ्यांची चार माणसे उभी होती. एका बुजुर्गाची करामत सांगणे चालले होते. दरोडेखोराच्या मनगटावर घड्याळ होते. मधूनच रिक्षाचा हॉर्न ऐकू येत होता. क्विन नाही, घोडे नाहीत, वाळवंट नाही. मी हसलो आणि रिमोट उचलला. अम्मी म्हणाली, ‘बंद नको कर रे, दीन का काम है.’ तिने तो पाऊण तास मन लावून पाहिला. शेवटी पडद्यावर तावीज देणाऱ्या एका बाबाचा मोबाइल नंबर आला. तेव्हा मात्र माझे हसू थांबले.

हौशी चित्रपटाविषयी माझी तक्रार नाही, हे आधीच सांगतो. पैसे नसताना चित्रपट काढणे हा गुन्हा नव्हे. मालेगावचे उदाहरण आपल्या घरातलेच आहे. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 साली ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे 50 हजार रुपये. डाकूंना घोडे परवडत नव्हते, म्हणून ते सायकलींवर आले. पुढे मालेगावचा सुपरमॅन झाला तो शफीक हा यंत्रमागावर राबणारा कामगार. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटात हा सगळा खटाटोप दिसतो. 2025 साली त्याच माणसांवर बेतलेला ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ चित्रपटगृहांत आला.

नक्कल तर तीही होती. मग फरक कुठे? फरक नावातच आहे. ‘मालेगाव के शोले’ म्हटले की घेणाऱ्याला कळते, हे आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांचे काम आहे. ज्यांच्याकडे पैसा नव्हता त्यांनी तो नाही हे लपवले नाही, उलट त्यातूनच हशा पिकवला. लोकांनी ते चित्रपट आपले म्हणून पाहिले.

बनवाबनवी मात्र गरिबांचीच असते असेही नाही. अमेरिकेत ‘असायलम’ नावाच्या कंपनीने हा धंदा पद्धतशीर चालवला. 2007 साली ‘ट्रान्सफॉर्मर्स’ येणार म्हटल्यावर तिने जरा आधीच ‘ट्रान्समॉर्फर्स’ बाजारात आणला. 2012 साली ‘हॉबिट’च्या तोंडावर तिने ‘एज ऑफ द हॉबिट्स’ काढला, तेव्हा कोर्टाने त्या नावाने विक्री करण्यास मनाई केली. दुकानात घाईने डीव्हीडी उचलणारे आजी-आजोबा हेच अशा मालाचे गिऱ्हाईक.

आपल्याकडेही कायदा आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जाहिरातीच्या व्याख्येत लेबल आणि वेष्टन दोन्ही धरले आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण चाळीस रुपयांसाठी तक्रार कोण करणार? त्यातून कव्हरवर काबा असेल तर तक्रार करणाऱ्यालाच लोक विचारतील, ‘तुला दीनची लाज नाही का?’ विकणाऱ्याने ते चित्र निवडले ते याच हिशेबाने.

म्हणून मला कायद्यापेक्षा एक हदीस जवळची वाटते. पैगंबर (स.) बाजारातून जात असता त्यांनी धान्याच्या राशीत हात घातला. वर कोरडे, आत ओले. व्यापारी म्हणाला, पावसाने भिजले. त्यावर त्यांनी विचारले की मग लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस? जो फसवतो तो आमच्यातला नाही, असेही त्यांनी बजावले. ही हदीस आपण जुम्याच्या बयानात किती वेळा ऐकली आहे! पण ती दूधवाल्याला आणि किराणा दुकानदाराला लागू करतो. धर्माच्या नावाने माल विकणाऱ्याला सूट देतो. खरे तर त्याला जास्त कडक लावायला हवी, कारण त्याने वर ठेवलेले कोरडे धान्य त्याचे स्वतःचेही नाही.

या फसवणुकीत आणखी कुणाचे तरी नुकसान होते. अंगणात चिकट दाढी लावून उभ्या राहिलेल्या त्या चार माणसांचे. त्यांनीही उन्हात मेहनत केली असेल. कव्हरवर त्यांचा फोटो नव्हता, नाव नव्हते. ‘अमुक गावच्या मंडळींनी केलेली एका बुजुर्गाची कहाणी’ एवढे खरे छापले असते, तरी अम्मीने चाळीस रुपये दिले असते. मीही कदाचित वेगळ्या नजरेने पाहिले असते.

आता सीडी गेल्या. अम्मीच्या हातात फोन आहे. त्यावर रोज काबा शरीफचे चित्र लावलेला, कुठल्या तरी ‘चमत्काराचा’ व्हिडिओ येतो. आत कुठलेतरी जुने दृश्य आणि शेवटी एक नंबर. ती तो माझ्यापुढे धरून विचारते, ‘ये सच्चा है क्या?’ उरुसातल्या त्या सीडीच्या वेळी तिने हा प्रश्न विचारला नव्हता आणि मीही तिला काही सांगितले नव्हते, नुसता हसलो होतो. आता मी तिच्याजवळ बसतो, व्हिडिओ कुणी टाकला ते तिच्यासोबत बघतो आणि पुढे पाठवण्याआधी थांबायला सांगतो. राशीत हात घालून बघायचे काम आता घरातल्या कुणीतरी करायलाच हवे.