दरीच्या तळाशी पंचवीस दिवस

ॲरिझोनातल्या लीज फेरी या घाटावर राफ्ट पाण्यात ढकलली की पुढचे 364 किलोमीटर नदीकाठी गाडीरस्ता येत नाही. तो भेटतो थेट डायमंड क्रीकला, तोही कच्चा. मधे आहे सुमारे दीड किलोमीटर खोल ग्रँड कॅन्यन आणि तिच्या तळाशी वाहणारी कोलोरॅडो. उन्हाळ्यात मोटर लावलेल्या मोठ्या राफ्टमधून हे अंतर आठवड्याभरात उरकणारे पर्यटक पुष्कळ असतात. हिवाळ्यात ती सोय नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरीपर्यंत मोटरला बंदी, सगळं काम वल्ह्यावर. आपली आपण मोट बांधून जाणाऱ्या मित्रमंडळींना उन्हाळ्यात फार तर 16 दिवसांचा परवाना मिळतो. नोव्हेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत तो 25 दिवसांचा असतो. एका चमूत जास्तीत जास्त 16 माणसं, आणि परवाना कोणाला, हे सोडतीत ठरतं.

364 ला 25 ने भागलं तर रोजचे पंधरा किलोमीटरसुद्धा होत नाहीत. प्रवाह तेवढं अंतर तीन-चार तासांत काढून देतो. मग उरलेला दिवस ही माणसं करतात काय?

कोल्हापूरकराला हा प्रश्न पडू नये. चूल मांडतात. शेतात, विहिरीच्या कडेला नाहीतर नदीकाठी मोठं पातेलं चढवणारं आपलं रस्सा मंडळ पंचवीस दिवस लांबवलं की झाली हिवाळ्यातली कॅन्यन सहल. मटण कोणी आणायचं, कांदा कोणी चिरायचा आणि जेवल्यावर भांड्यांच्या वेळी नेमका कोण गायब होतो, हे सगळं तिथेही असतंच. फरक इतका की तिथे पाळीचा कागद लीज फेरीलाच तयार असतो आणि गायब व्हायला जागा नसते. थंडीचा एक फायदा स्वयंपाक्याला होतो: शीतपेटीतला बर्फ लवकर वितळत नाही, त्यामुळे मांस बरेच दिवस टिकतं.

नियम मात्र आपल्या मंडळांना झेपतील का, शंका आहे. वाळूवर थेट शेकोटी पेटवायची नाही. ती लोखंडी परातीत पेटवायची आणि राखसुद्धा पेटीत भरून बरोबर न्यायची. पाण्याबरोबर वाहून आलेलं लाकूड गोळा करायला फक्त नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढीच मुभा. भांडी धुतलेलं पाणी गाळून घ्यायचं, म्हणजे भाताचं शीतही काठावर राहत नाही. सोळा माणसांची पंचवीस दिवसांची विष्ठा झाकणबंद डब्यांत साठवून राफ्टवरूनच बाहेर काढायची. लघवी मात्र थेट नदीत. वाळवंटात पाऊस इतका कमी की काठावर केली तर तिचा वास महिनोन् महिने जात नाही, आणि नदीचं पाणी इतकं मोठं की त्यात तिचा मागमूस उरत नाही. घाटावरच्या पाट्या वाचत वाढलेल्या आपल्या माणसाला हा शेवटचा नियम पाळताना पहिले दोन दिवस तरी संकोच वाटेल.

थंडीचं सांगायचं तर पाणी साधारण 8 ते 10 अंश सेल्सियस असतं. डिसेंबरात दिवस लहान, आणि दरीचे कडे इतके उभे की काही मुक्कामांवर ऊन दिवसभरात उतरतच नाही. अशा पाण्यात राफ्ट उलटली तर बोटं काही मिनिटांत बधिर होतात, दोर धरता येत नाही. म्हणून मनगटाला आणि गळ्याशी घट्ट बसणारा, आत थेंबही न शिरू देणारा ड्रायसूट घालून बसायचं.

पाणी वर्षभर असं एकसारखं गार राहतं ते धरणामुळे. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरणाने 1963 पासून नदी अडवली. त्याआधी कोलोरॅडो उन्हाळ्यात कोमट, हिवाळ्यात गोठायच्या बेतात आणि गाळाने लालसर असायची. आता ती जलाशयाच्या खोल थरातून निघते, हिरवट आणि नितळ. गाळ धरणामागे अडकल्याने मुक्कामाच्या वाळूच्या पट्ट्या झिजत चालल्या. त्या पुन्हा भराव्यात म्हणून 1996 मध्ये धरणातून मुद्दाम पूर सोडून पाहिला गेला. रोजचं पाणी ठरतं ते विजेच्या मागणीवर. दूरच्या शहरांत हीटर लागले की झोत वाढतो, आणि ते वाढलेलं पाणी खालच्या मुक्कामांवर तासन् तास उशिराने, कधी मध्यरात्री पोचतं. संध्याकाळी पाण्यात बांधलेली राफ्ट सकाळी कोरड्या वाळूवर बसलेली सापडते. ती उतरवायला सोळाही जण लागतात.

आपल्याकडे हाच प्रकार कोलाडला आहे, फक्त छोट्या मापाचा. कुंडलिकेवरचं राफ्टिंग भिऱ्याच्या वीजकेंद्रातून सुटणाऱ्या पाण्यावर चालतं. सकाळी पाणी सुटलं की राफ्टी निघतात आणि बारा-तेरा किलोमीटरचा पट्टा दोन-अडीच तासांत संपतो. हे पाणी मुळशीच्या टाटा धरणाचं. ज्याच्या विरोधात सेनापती बापटांनी 1921 मध्ये मावळातल्या शेतकऱ्यांना घेऊन सत्याग्रह केला, तेच हे धरण. भिऱ्याचं केंद्र 1927 मध्ये सुरू झालं. मुळा नदी भीमेमार्गे कृष्णेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळायची. ते पाणी डोंगरातून वळवून कोकणात उतरवलं. म्हणजे कोल्हापूरचा तरुण कोलाडला जाऊन अंगावर जे पाणी उडवून घेतो, ते मूळचं त्याच्याच कृष्णा खोऱ्यातलं. सेफ्टी जॅकेट घालून फोटो काढणाऱ्या घोळक्याला मुळशीचं हे नातं कोणी सांगत नाही. पाच मिनिटांचं तर काम आहे.

कॅन्यनमधला हिवाळा आधी भोगला तो रेल्वेवाल्यांनी. जॉन वेस्ली पॉवेल हा एका हाताचा माजी सैनिक 1869 मध्ये नऊ साथीदार घेऊन निघाला आणि त्यातल्या पाच जणांसह या दरीतून पार झाला, पण तो उन्हाळ्यात. वीस वर्षांनी एका कंपनीला नदीकाठाने रेल्वे नेण्याची हुक्की आली. 1889 च्या जुलैत कंपनीचा अध्यक्ष फ्रँक ब्राउन आणि आणखी दोघे बुडाले. चमूकडे जीवरक्षक जाकिटंच नव्हती. मुख्य अभियंता रॉबर्ट स्टँटन माघारी फिरला, भक्कम नावा आणि जाकिटं घेऊन डिसेंबरात परत आला. 1 जानेवारी 1890 ला त्यांचा छायाचित्रकार फ्रँकलिन निम्स कड्यावरून पडला, पाय मोडला. त्याला दोराने, हातोहात करत दरीबाहेर चढवावं लागलं. पुढची छायाचित्रं स्टँटनने स्वतः काढली आणि एप्रिलमध्ये तो समुद्रापर्यंत पोचला. रेल्वे बांधता येईल असा त्याचा निष्कर्ष होता. ती कधीच झाली नाही. त्याच सुमारास मिरज-कोल्हापूर मार्गाचं काम चालू होतं आणि 1891 मध्ये त्यावर गाडी धावलीसुद्धा. कोल्हापूर-वैभववाडी रेल्वेची वाट बघणाऱ्यांनी हा हिशेब मनाला लावून घेऊ नये.

नकाशा उघडला तर मराठी माणूस चमकतो. कॅन्यनमध्ये विष्णू टेंपल आहे, शिवा टेंपल, ब्रह्मा टेंपल, शिवाय कृष्णा आणि रामा श्राइनही. ही देवळं नाहीत, सुळके आहेत. भूशास्त्रज्ञ क्लॅरेन्स डटन याने 1880 च्या दशकात पौर्वात्य देवांची नावं द्यायला सुरुवात केली आणि पुढच्या नकाशाकारांनी ती चाल चालू ठेवली. तळाचा काळा खडक विष्णू शिस्ट म्हणूनच ओळखला जातो. वय सुमारे 175 कोटी वर्षं. पन्हाळ्याचा कातळ त्यापुढे पोरच, साडेसहा कोटींच्या आसपासचा.

सगळ्यात धास्तीचा टप्पा, लाव्हा फॉल्स, लीज फेरीपासून 288 किलोमीटरवर आहे. म्हणजे लांबच्या सहलीत अडीच-तीन आठवडे त्याच्याच गप्पा. नाव लाव्हाचं असलं तरी हा रॅपिड तयार केला तो बाजूच्या ओढ्याने पुरात आणून टाकलेल्या दगडधोंड्यांनी. काठावर उतरून पाणी वाचायचं, वाट ठरवायची, परत येऊन वल्ही धरायची. आत शिरल्यावर अर्ध्या मिनिटात निकाल लागतो. पंचवीस दिवसांच्या हिशेबात हे अर्धं मिनिट म्हणजे काहीच नाही, पण जाहिरातींत तेवढंच दिसतं. खरी सहल उरलेल्या वेळात घडते: ओलं सामान वाळवण्यात, त्याच त्या पंधरा तोंडांशी भांडून पुन्हा एकाच परातीभोवती बसण्यात.

असं काही पंचगंगेवर करता येईल का? प्रयाग चिखलीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंत ऐंशीएक किलोमीटर, दत्तजयंतीच्या आसपासची थंडी, आठवड्याभराची फुरसत. सोबतीची टंचाई कोल्हापुरात कधी नव्हती. पोहणाऱ्यांचीही नाही, वीरधवल खाडे इथूनच 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकला गेला. पुरात गुळाची काहील पाण्यात लोटून तिची नाव करणारा हा मुलूख. अडचण हिवाळ्यातल्या नदीची आहे. पाऊस सरला की कोल्हापुरी बंधाऱ्यांत बरगे पडतात आणि शिंगणापूर, राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ अशा सात ठिकाणी पंचगंगा थांबते. कोलोरॅडोला धरण हिवाळ्यात वाहतं ठेवतं, आपली नदी त्याच दिवसांत डोहांची माळ होते. शेतीला ते पाणी हवंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. सात वेळा नाव उचलून पलीकडे ठेवणं सोळा जणांना काही जड नाही. मधे पसरलेलं केंदाळ आणि शहरांचं शुद्ध न केलेलं सांडपाणी मात्र उचलून बाजूला ठेवता येत नाही. ते थांबेपर्यंत कोल्हापूरच्या मंडळांनी कोलाडच गाठावं, आणि जाण्याआधी मुळशीबद्दल दोन पानं वाचावीत.