कॅमेरा कोणाच्या हाती?

अमेरिकेत हॅटी मॅकडॅनिएल या कृष्णवर्णीय अभिनेत्रीला १९४० साली ऑस्कर मिळाले, ते दासीच्या भूमिकेसाठी. आणि त्या समारंभातही तिला सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलाशी बसावे लागले. गौरव तिचा झाला खरा, परंतु तिची प्रतिमा इतरांनीच घडविली होती.

आपल्याकडेही हेच घडले. १९३६ च्या ‘अछूत कन्या’ चित्रपटात अस्पृश्य मुलीची भूमिका देविकाराणी यांनी केली. चित्रपट सहानुभूतीने ओथंबलेला होता. तथापि अखेरीस मरण येते ते तिलाच. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरने अमेरिकेतील ‘ब्लॅक पँथर’वरून नाव घेतले आणि त्याच काळात कविता व आत्मकथने यांतून दलित माणूस स्वतःच्या शब्दांत बोलू लागला. मराठी पडद्यावर मात्र तसे बोलण्यासाठी त्याला सुमारे चार दशके थांबावे लागले.

याचे कारण आर्थिक आहे. कवितेला कागद-लेखणी पुरते. चित्रपटाला भांडवल, यंत्रसामग्री आणि चित्रपटगृहे लागतात, आणि ती ज्यांच्याकडे असतात त्यांची अभिरुचीच ‘प्रेक्षकांची आवड’ म्हणून पुढे केली जाते. वडार समाजातून आलेल्या नागराज मंजुळे यांनी हा युक्तिवाद खोटा ठरविला. ‘फँड्री’मधील (२०१३) कैकाडी मुलगा जब्या शेवटी दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या दिशेने. ‘सैराट’ने (२०१६) तर मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे तोवरचे विक्रम मोडले. ‘झुंड’मध्ये (२०२२) नागपूरच्या झोपडपट्टीतील मुले वऱ्हाडी-नागपुरी ढंगात बोलली.

पण एवढ्याने समाधान मानता येणार नाही. यवतमाळ जिल्हा दूरचित्रवाणीवर दिसतो तो बहुधा शेतकरी आत्महत्यांच्या बातम्यांत. झरी-जामणी, मारेगाव भागातील पोडांवर राहणारा कोलाम समाज शासनदरबारी राज्यातील तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक म्हणून नोंदलेला आहे. त्याची कोलामी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. ती बोलणाऱ्या विद्यार्थ्याला पडद्यावर आपल्यासारखा कोण दिसतो?

मोबाइलमुळे कॅमेरा स्वस्त झाला आहे. वितरण मात्र अद्याप मोजक्याच हाती आहे. शासनाचे चित्रपट अनुदान आणि महाविद्यालयांची चित्रपट मंडळे पोडांपर्यंत पोहोचली, तरच ही कोंडी फुटेल. नाहीतर पडद्यावरचा आदिवासी पूर्वीप्रमाणे नाचतच राहील, त्याला बोलू दिले जाणार नाही.