अ‍ॅप टॅक्सीचा अपघात : जखमी प्रवाशाचे हक्क

ओला, उबरसारख्या अ‍ॅपवरून बोलावलेल्या टॅक्सीत किंवा रिक्षात बसलेला प्रवासी अपघातात जखमी झाला, की त्याचे नातेवाईक बहुधा आधी अ‍ॅपच्या मदत केंद्राशी झगडत बसतात. भरपाईचा मुख्य हक्क मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ देतो आणि तो मागायची जागा आहे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. प्रवाशाच्या हाती ना स्टिअरिंग असते, ना ब्रेक, त्यामुळे अपघाताचा दोष त्याच्यावर सहसा येत नाही. त्याची बाजू मुळातच भक्कम असते. ती कमकुवत होते ती कागद न जमवल्यामुळे आणि मुदत हुकल्यामुळे.

पहिला हक्क उपचाराचा. जखमीला रुग्णालयात पोहोचवणे आणि पोलिसांना कळवणे ही कलम १३४ नुसार चालकाची जबाबदारी आहे. मदतीला धावणाऱ्या वाटसरूला कलम १३४-अ संरक्षण देते, म्हणून १०८ किंवा ११२ ला फोन करताना कुणी कचरू नये. मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या कॅशलेस उपचार योजनेत, अपघातापासून ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयात पैसे न भरता मिळू शकतात.

रुग्णालयात एका बाबतीत डोळ्यांत तेल घालून राहावे लागते, ती म्हणजे केसपेपरवरची नोंद. घाईगर्दीत ‘पडून लागले’ असे लिहिले गेले, तर पुढे विमा कंपनीचा वकील तेच वाक्य पुढे करतो आणि अपघात झालाच नाही असे म्हणायला मोकळा होतो. ‘टॅक्सीतून जाताना वाहन अपघात’ अशी स्पष्ट नोंद, शक्यतो वाहनाच्या क्रमांकासह, पहिल्याच दिवशी करून घ्यावी. एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण अशी नोंद, झाली आहे ना, हेही विचारावे. डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, औषधांची बिले, फिजिओथेरपीच्या पावत्या आणि रुग्णालयात ये-जा करण्याचा खर्च, सारे तारीखवार जपून ठेवावे.

अ‍ॅप टॅक्सीत एक सोय अशी, की प्रवासाचा पुरावा मोबाइलमध्ये आपोआप तयार होतो. ट्रिपची पावती, चालकाचे नाव, गाडीचा नंबर, नकाशावरचा मार्ग आणि वेळ यांचे स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढावेत आणि पावतीचा ईमेल जपावा. जखमी माणूस खरोखर त्याच गाडीत, भाडे देणारा प्रवासी म्हणून बसला होता, हे यातून सिद्ध होते. अ‍ॅपवर दाखवलेली गाडी आणि प्रत्यक्ष आलेली गाडी वेगळी असेल, तर तो फरक पोलिसांच्या जबाबात आलाच पाहिजे.

त्यानंतर पोलीस ठाणे. फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा आणि साक्षीदारांचे जबाब हा दाव्याचा पाया. २०२२ च्या केंद्रीय नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. जखमीला त्याच्या हक्कांची माहिती देणारा नमुना १० दिवसांत देणेही पोलिसांवर बंधनकारक आहे. पोलिसांचा सविस्तर अहवालच न्यायाधिकरण दावा म्हणून दाखल करून घेऊ शकते. तरीही त्यावर विसंबून राहू नये. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने भरपाईचा अर्ज अपघातापासून ६ महिन्यांत करण्याची अट घातली आहे. या अटीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे, पण जखमीने आपल्यापुरते ६ महिने हीच मुदत धरून चालणे शहाणपणाचे.

कलम १६६ खालचा हा अर्ज अपघात झाला तिथे, प्रतिवादी राहतो तिथे किंवा जखमी व्यक्ती राहते अथवा व्यवसाय करते तिथे करता येतो. पुण्यात शिकणाऱ्या लातूरच्या मुलीला हिंजवडीत अपघात झाला आणि ती उपचारानंतर गावी परतली, तर लातूरच्या न्यायाधिकरणातही तिला दाद मागता येते. अर्जात चालक, आरसी बुकावरचा मालक आणि विमा कंपनी असे तिघे प्रतिवादी असतात. दोन वाहनांची टक्कर असेल तर दुसऱ्या वाहनाचे मालक आणि विमा कंपनीही जोडावी. चूक कुणाची किती, हा त्या दोघांमधला हिशेब. दोन्ही चालकांच्या चुकीने जखमी झालेला प्रवासी पूर्ण भरपाई त्यांच्यापैकी कुणाही एकाकडून मागू शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये खेन्येई प्रकरणात स्पष्ट केले आहे.

विमा कंपन्यांची नेहमीची हरकत परवान्याची असते. चालकाकडे हलके वाहन चालवण्याचा परवाना आहे, पण टॅक्सीची वेगळी नोंद नाही, असे म्हणून पैसे नाकारले जात. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने रंभा देवी प्रकरणात हा प्रश्न निकाली काढला. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला ७,५०० किलोंपर्यंतचे व्यावसायिक वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते. खासगी, म्हणजे पांढऱ्या नंबर प्लेटची गाडी किंवा दुचाकी भाड्याने चालवली जात असेल, तर मात्र पॉलिसीच्या अटीचा भंग झाल्याची हरकत वजनदार ठरते. अटीचा भंग झालेल्या अनेक प्रकरणांत ‘आधी जखमीला द्या, मग मालकाकडून वसूल करा’ असा आदेश न्यायालयांनी विमा कंपन्यांना दिला आहे, पण त्यासाठी झगडावे लागते. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी नंबर प्लेटकडे एक नजर टाकणे हिताचे.

भरपाई किती मिळेल, याचे गणित ठरलेले आहे. उपचारांचा झालेला आणि पुढे होणारा खर्च, सुट्टीमुळे बुडालेले उत्पन्न, सोबतीला माणूस ठेवण्याचा खर्च, वेदना आणि आयुष्यातल्या आनंदाला मुकणे, असे वेगवेगळे भाग असतात. कायमचे अपंगत्व आले तर सर्वात मोठा भाग भविष्यातल्या कमाईचा. समजा, स्वतःचा व्यवसाय करणारी ३२ वर्षांची व्यक्ती महिना ३०,००० रुपये कमावते आणि अपघातामुळे तिची कमाईची क्षमता २० टक्क्यांनी घटली. वर्षाचे उत्पन्न ३,६०,०००. त्यात भावी वाढीचे ४० टक्के मिळवले की ५,०४,०००. त्याचे २० टक्के म्हणजे १,००,८००. सरला वर्मा निकालातल्या तक्त्यानुसार या वयाचा गुणक १६, म्हणून या एका भागाची रक्कम १६,१२,८०० रुपये होते.

इथे टक्केवारी डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावरून जशीच्या तशी उचलली जात नाही. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालाने सांगितले, की दुखापतीचा त्या माणसाच्या कामावर काय परिणाम झाला ते पाहायचे. बोट गमावलेला शिक्षक शिकवू शकतो, पण बोट गमावलेल्या शिंप्याची रोजीरोटी जाते. गृहिणीलाही उत्पन्न नाही असे म्हणून डावलता येत नाही; तिच्या घरकामाचे मोल धरूनच हिशेब होतो.

चूक कुणाची हे सिद्ध करणे अवघड असेल, तर कलम १६४ आहे. दोष कुणाचाही असो, गंभीर दुखापतीला अडीच लाख आणि मृत्यूला ५ लाख रुपये वाहनाच्या मालकाने किंवा विमा कंपनीने द्यायचे असतात. हाड मोडणेही कायद्याच्या भाषेत गंभीर दुखापतच आहे. मात्र एक गोष्ट सही करण्यापूर्वी समजून घेतलीच पाहिजे. विमा कंपनीने तडजोडीचा प्रस्ताव दिला आणि जखमीने या कलमाखालची रक्कम स्वीकारली, तर कलम १६६ खालचा त्याचा मोठा दावा संपतो. वर्षानुवर्षे कमाई घटणार असताना अडीच लाखांवर सही करणे, हे फार महागात पडते.

अ‍ॅप कंपनी स्वतः जबाबदार धरली जाते का? ‘आम्ही फक्त प्रवासी आणि चालक यांची गाठ घालून देतो’, अशी या कंपन्यांची भूमिका असते आणि गाडीही त्यांच्या नावावर नसते. तरी कुलसुम प्रकरणात (२०११) भाड्याने घेतलेल्या बसवर प्रत्यक्ष ताबा परिवहन महामंडळाचा होता म्हणून महामंडळालाच मालक मानले गेले. भाडे, मार्ग आणि चालकाची निवड अ‍ॅप ठरवते, हे दाखवून वकील त्या निकालाचा आधार घेऊ शकतात. म्हणून कंपनीला प्रतिवादी करण्याबाबत वकिलाशी जरूर बोलावे. शिवाय प्रवाशांसाठी कंपनीने स्वतंत्र विमा काढला आहे का, ते अ‍ॅपमध्ये पाहून त्याचा दावा वेगळा करावा.

ग्राहक आयोगाचा मार्ग मर्यादित आहे. वाहन अपघातातल्या शारीरिक इजेची भरपाई न्यायाधिकरणच देऊ शकते, ग्राहक मंच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवले आहे. पण अ‍ॅपने भलताच चालक पाठवला किंवा विम्याचा दावा विनाकारण अडवला, तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार २ वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करता येते, तीही तक्रारदार राहतो तिथे.

फौजदारी खटला या सगळ्यापासून स्वतंत्र चालतो. बेदरकार वाहन चालवणे आणि त्यातून इजा करणे यासाठी भारतीय न्याय संहितेची कलमे २८१ आणि १२५ लागतात. त्यात चालक सुटला तरी भरपाईचा दावा बुडत नाही, कारण फौजदारी न्यायालयात लागतो तितका कडक पुरावा न्यायाधिकरण मागत नाही.

वकिलाचा खर्च परवडत नाही म्हणून दावा सोडून देण्याचे कारण नाही. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून महिला, मुले, दिव्यांग, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोफत वकील मिळतो. लोकअदालतीत दावा लवकर मिटतो, पण तिथल्या तडजोडीवर अपील नसते, म्हणून आकडा आधी तपासून घ्यावा. न्यायाधिकरणाचा निकाल अपुरा वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येते. मंजूर रकमेवर अर्जाच्या तारखेपासून व्याज देण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे आणि ते मागायला विसरू नये.