खिडकी कुणाला द्यायची?

बालदोस्तांनो,

एस.टी. फलाटाला लागली की तुम्ही काय करता? खिडकीतून रुमाल नाहीतर टोपी आत टाकता आणि जागा धरता! खोटं सांगू नका, मीही लहानपणी तेच केलंय. पूर्वी कोकणात जाणाऱ्या बोटींवरही डेकवर ज्याची सतरंजी आधी पसरली त्याची जागा, असाच कारभार असे. आताच्या मोठ्या प्रवासी बोटींवर मात्र रुमाल चालत नाही. तिथं झोपायची खोली आधीच, घरी बसून, नकाशावर निवडावी लागते. आणि त्यावरून घरात केवढं रामायण घडतं, ते मी म्हसवडला डोळ्यांनी पाहिलं.

म्हसवडला माझी थोरली बहीण असते. सातारा जिल्ह्याचं हे पार टोक, पलीकडे लगेच सांगली जिल्हा. दुष्काळी माण तालुका. मोठं पाणी म्हणजे राजेवाडीचा तलाव, तोसुद्धा इंग्रजांच्या काळात दुष्काळी काम म्हणून बांधायला घेतलेला. अशा गावातल्या घरानं ठरवलं, की डाळिंबाचे चार पैसे हाती आलेत, तर डिसेंबरात सिद्धनाथाचा रथ झाला की मुंबईहून गोव्याला बोटीनं जायचं. माणसं सहा. आबा, आजी, ताई, दाजी, आठवीतला भाचा आणि चौथीतली भाची.

बोटीतल्या खोलीला केबिन म्हणतात. तिच्या साधारण तीन जाती. एक आतली, बिनखिडकीची, सगळ्यात स्वस्त. दुसरी बाहेरच्या बाजूची, तिला समुद्राकडे खिडकी. तिसरीला बाल्कनी, आणि तिचा भाव विचारूच नका! खोलीत खाली दोन पलंग असतात. काही खोल्यांत भिंतीतून आणखी एक-दोन पलंग वर उघडतात, रेल्वेच्या बर्थसारखे. बहुतेक बोटींवर पहिल्या दोघांचं भाडं पूर्ण आणि तिसऱ्या-चौथ्याचं कमी पडतं. म्हणजे सहा जणांना तीन खोल्या घेण्यापेक्षा दोन घेतलेल्या परवडतात.

भाच्यानं हे सगळं शोधून कागद तयार ठेवला होता. मी गेलो तेव्हा त्यानं तो मोठ्या ऐटीत माझ्यापुढं धरला. सगळ्यात वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या टोकाला, बाल्कनीची केबिन: आई, बाबा, मी, छोटी. खाली बिनखिडकीची: आजी, आबा. पुढं कंसात कारणही लिहिलं होतं. ‘ते नुसते झोपणार.’

दाजींनी आकडे पाहिले आणि मान हलवली. हिशेब बरोबर होता. आजी तिथंच शेंगा फोडत बसली होती. ती म्हणाली, “मी न्हाई येत. म्हशीला कोण बघायचं? तुमी जावा.”

“अगं आजी, शेजारचे काका बघतील की म्हशीला!”

आजी थोडा वेळ गप्प राहिली. मग हळूच म्हणाली, “खोलीला खिडकीच न्हाई म्हंता. मग दर्या कुठनं दिसायचा?”

मुलांनो, आजीनं सत्तरीपर्यंत समुद्र पाहिलेला नाही. आबा पाहून बसलेत. 1982 च्या संपापर्यंत ते मुंबईत गिरणीत होते. माणदेशातली पुष्कळ माणसं तेव्हा गिरणीत असत आणि त्यांची घरची मंडळी गावाकडे. कारण मुंबईत राहायला जागा म्हणजे चाळीतली एक खोली, तीत पंधरा-वीस बाप्ये, रात्रपाळीचा आला की दिवसपाळीच्यानं अंथरूण मोकळं करायचं. तिथं बायकोला कुठं नेणार?

भाचा गडबडला, पण हटला नाही. म्हणाला, “मामा, बोटीवर उघडा डेक सगळ्यांना मोकळा असतो. आजीनं वर जाऊन बघावा ना समुद्र. खोलीत माणूस झोपायलाच जातो.”

मुद्दा अगदी बिनतोड होता. मी म्हटलं, “शाबास! मग तूच घे की बिनखिडकीची. तुझे पाय धडधाकट आहेत. आजीचे गुडघे पहाटे डेकपर्यंत चालतील का?” यावर स्वारी गप्प.

मग मी दोघांना घेऊन त्यांच्या शाळेच्या मैदानावर गेलो. तिथं सी-सॉ आहे. भाचीला एका टोकाला बसवलं, भाच्याला दुसऱ्या आणि मी मधोमध उभा राहिलो. ती दोघं खाली-वर, खाली-वर आणि मी जागच्या जागी. लाटांवर बोट अशीच पुढं-मागं झुलते. 2021 साली मुंबईहून सहली करू लागलेली ‘एम्प्रेस’ बोट घ्या. फ्रान्समध्ये बांधलेली, 1990 साली पाण्यात फिरू लागलेली, लांबी सुमारे 211 मीटर. ती मधल्या भागाभोवती नुसती एक अंश कलली असं धरा. पुढचं टोक मधापासून 105 मीटरवर, म्हणून ते जवळजवळ पावणेदोन-दोन मीटर वर जाणार. उभा माणूस बुडेल एवढं! आणि मधापासून 20 मीटरवरची खोली? ती फूटभरच हलेल. (नववी-दहावीच्या ताईदादांनो, साइन वापरून पडताळा पाहा.) बोट डावी-उजवीकडेही डुलते, तेव्हा जितकं उंच तितका झोका मोठा. म्हणून मळमळणाऱ्या माणसाला खोली मधली हवी आणि खालच्या मजल्यावरची हवी. भाच्यानं पैसे जास्त मोजून नेमकी सगळ्यात हलणारी खोली निवडली होती!

ही गोष्ट बोटी बांधणाऱ्यांना फार आधीपासून ठाऊक आहे. 1912 साली बुडालेल्या ‘टायटॅनिक’वर पहिल्या वर्गाच्या खोल्या मधल्या भागात होत्या. तिसऱ्या वर्गातले एकटे पुरुष पुढच्या टोकाला आणि कुटुंबं नि एकट्या बायका मागच्या टोकाला. मागं इंजिनाची थरथर, पुढं नांगराचा खडखडाट.

आता आजीला एस.टी.त उलटी होते, हे सगळ्या घराला माहीत. उलटी का होते? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते. ती सांगते, आपण हलतोय. डोळ्यांसमोर मात्र भिंत स्थिर. दोघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की पोट बिघडतं. लांब क्षितिजाकडे पाहिलं, की डोळ्यांनाही हलणं कळतं आणि बरं वाटतं. म्हणजे खिडकीची खरी गरज कुणाला? घरी परतताना भाचीनंच उत्तर दिलं, मला बोलावं लागलं नाही.

मग सगळे नकाशा घेऊन बसले. मधला भाग ठरला, खालचा मजला ठरला. वर नाचगाण्याचं सभागृह किंवा स्वयंपाकघर नाही ना, हे पाहिलं, नाहीतर रात्रभर डोक्यावर धाडधाड. लिफ्ट जवळ हवी, पण अगदी दारासमोर नको. राहिलं कोण कुठं. भाची म्हणाली, आजी, आबा आणि मी. ते मला पटलं नाही. बोट सुटण्याआधी सगळ्यांची कवायत घेतात, धोक्याची घंटा झाली तर कुठं जमायचं ते दाखवतात. अशा वेळी प्रत्येक खोलीत एक तरी चपळ मोठं माणूस हवं.

शेवटी आबांनी तोड काढली. “बाप्ये एका खोलीत, बाया एका. मला वीस जणांत झोपायची सवय हाय. आन् मी दर्या लई बघितला.” मग खिडकीच्या खोलीत आजी, ताई आणि भाची, भाची वरच्या बर्थवर. समोरासमोरच्या बिनखिडकीच्या खोलीत आबा, दाजी, भाचा. आबांना रात्री उठावं लागतं, म्हणून त्यांचा पलंग मोरीच्या दाराजवळचा. बाल्कनी गेली आणि दाजींचे पैसेही वाचले. भाचा दोन दिवस फुगून होता, ते सांगायलाच हवं.

जानेवारीत त्याचं पत्र आलं. बिनखिडकीच्या खोलीत दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. उजाडलेलं कळतच नाही, त्यामुळे गोवा आलं तेव्हा तो आणि दाजी घोरत होते. आबांनी मात्र मोरीतला दिवा चालू ठेवून दार किलकिलं ठेवायची युक्ती दुसऱ्या रात्री शोधून काढली. आणि आजी? तिनं पहिल्या रात्री झोपायलाच नकार दिला. खिडकीत काळोखाशिवाय काही नव्हतं. मध्येच लांबवर मासेमारीच्या होडीचा दिवा दिसला की ती भाचीला हलवून उठवायची आणि म्हणायची, “ती बघ, तिथं बी माणसं हायत.” असे अकरा दिवे भाचीनं मोजले. बाराव्याला तिला झोप लागली.

तुमचा,
मामा