बादलीभर गरम पाण्याचा हिशेब

जुन्या घरांत चुलीला वैल असे. मुख्य चुलीवर भात रटरटत असताना त्याच जाळाच्या उरलेल्या धगीवर पाण्याचे तपेले तापत राही. न्हाणीघराशेजारी तांब्याचा बंब असे. त्यात चिपाडे, नारळाच्या करवंट्या, गोवऱ्या असे जे हाती येईल ते जळे. त्या व्यवस्थेत धूर होता, गृहिणीच्या डोळ्यांची आग होती. तिचे गोडवे गाण्याचे कारण नाही. परंतु अंघोळीच्या पाण्यासाठी उत्तम प्रतीचे इंधन खर्ची घालू नये, एवढे तारतम्य त्या व्यवस्थेत निश्चित होते. आजच्या सदनिकेत नेमके तेच हरवले आहे.

पुण्यासारख्या शहरांच्या वाढत्या उपनगरांत अनेक इमारतींपर्यंत गॅसची वाहिनी पोहोचलेली नाही. तेथील कित्येक घरांत स्वयंपाक इंडक्शन शेगडीवर आणि स्नानाचे पाणी गिझरमध्ये, असा सारा संसार विजेवर चालतो. महाराष्ट्रात खोल्या उबदार ठेवण्याची गरज क्वचितच भासते. त्यामुळे येथील घरात उष्णतेचा खर्च म्हणजे मुख्यतः स्नानाच्या पाण्याचा खर्च. तो किती, हे मात्र विजेचे देयक कधीच वेगळे सांगत नाही.

हिशेब अवघड नाही. पंधरा लिटरची बादली २० अंशांवरून ४५ अंशांवर न्यायला ३७५ किलोकॅलरी उष्णता लागते. एका युनिटमधून ८६० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे एका बादलीला सुमारे ०.४४ युनिट. चौघांच्या चार बादल्या धरल्या, तर महिन्याला साधारण ५२ युनिट झाले. सर्व आकार मिळून युनिटला दहा रुपये मानले, तर ५२० रुपये निव्वळ स्नानाचे. शॉवरखाली उभे राहणाऱ्यांचा आकडा अर्थातच याहून मोठा असतो.

येथे दरांच्या टप्प्यांची गोष्ट लक्षात घ्यावी लागते. महावितरणच्या घरगुती दरात १०० आणि ३०० युनिटांच्या पुढे दर चढत जातो. एरवी २७० युनिट वापरणारे घर गिझरच्या ५२ युनिटांमुळे ३०० ची सीमा ओलांडते आणि वरच्या २२ युनिटांना महागडा दर लागतो. ऐन थंडीत, जेव्हा पाणी अधिक तापवावे लागते, तेव्हाच हे घडते.

याविषयी घरोघरी गैरसमजही पुष्कळ आहेत. तीन किलोवॅटचा छोटा इन्स्टंट गिझर अधिक वीज खातो, असे अनेकांना वाटते. वस्तुतः तेवढेच पाणी तेवढेच तापवायचे असेल, तर लागणारी उष्णता तीच. छोटा गिझर ती थोड्या वेळात देतो, इतकेच. खरा अपव्यय होतो तो दिवसभर चालू ठेवलेल्या टाकीच्या गिझरमध्ये. पाणी तापते, निवते, पुन्हा तापते. एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसाला एका बादलीसाठी पंचवीस लिटर पाणी अहोरात्र गरम ठेवण्याचा भुर्दंड पडतो. देयक पाहून अशी मंडळी काटकसर करतात तीही बहुधा स्वतःच्या शरीरावर, गार पाण्याने अंघोळ करून. बटण वेळेवर बंद केले आणि ऊर्जा दक्षता ब्युरोचे अधिक तारे असलेला गिझर घेतला, तर ही गळती बरीच थांबते.

परंतु दोष केवळ बटण विसरणाऱ्याचा नाही. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात कोळसा जळतो, त्याच्या उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेने जनित्र फिरते. या खटाटोपात कोळशातील उष्णतेचा जेमतेम तिसरा हिस्सा विजेच्या रूपाने हाती येतो. ती वीज शेकडो किलोमीटर वाहून आणायची आणि तिच्याने पुन्हा पाणीच तापवायचे, तेही ४५ अंशांपर्यंत! कोळशाच्या विजेचे एक युनिट म्हणजे साधारण सातशे ग्रॅम कोळसा. एका घराच्या स्नानापायी असा महिन्याला छत्तीस किलो कोळसा जळतो आणि त्याची राख चंद्रपूरकरांच्या अंगणात पडते.

पर्याय डोक्यावरच आहे. गच्चीवरील सौर बंब हे तंत्र जुने आणि पारखलेले आहे. ते बसवणाऱ्यांना पुणे महानगरपालिका मिळकतकरात सवलतही देते. तरीही कित्येक गच्च्यांवर हे संच नुसते उभे दिसतात. कूपनलिकेच्या जड पाण्याने नळ्या बुजलेल्या असतात आणि देखभाल कोणी करायची, याचा निर्णय सभेत होत नाही. दहाव्या मजल्यावरून तळमजल्यापर्यंतच्या तीस मीटर नळात, त्याचा अंतर्व्यास २० मिलिमीटर असेल तर, नऊ-दहा लिटर गार पाणी साचलेले असते. ते वाया घालवल्याविना खालच्याला गरम पाणी मिळत नाही. नळाला आवरण घालणे आणि पाणी फिरते ठेवणे हे बांधकामाच्या वेळचे काम. तिथे वाचवलेला पैसा रहिवासी पुढे वर्षानुवर्षे देयकातून भरत राहतो.

पावसाळ्यात सूर्य रुसतो, तेव्हा हीट पंप उपयोगी पडतो. तो हवेतील उष्णता ओढून पाण्यात घालतो. एका युनिटमध्ये साधारण तीन युनिटांची उष्णता देतो. ५२ युनिटांचे काम अठरा युनिटांत होते. संच महाग असतो हे खरे. पण चाळीस घरांनी मिळून घेतला तर भार वाटला जातो. २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी प्रतिकिलोवॅट १८ हजार रुपये अनुदान आहे. सामायिक हीट पंपाचा विचार त्याच्या जोडीने करता येईल.

वाड्यातला बंब एका कुटुंबाचा असे. सदनिकेतील गच्ची मात्र सर्वांची असते. सर्वांची म्हणजे कोणाचीच नाही, ही वृत्ती जोवर जात नाही, तोवर प्रत्येक घर आपापल्या भिंतीवर एकेक गिझर टांगून एकट्याने पैसे मोजत राहणार. संस्थेच्या वार्षिक सभेत वाहनतळावरून तासन्‌तास वाद होतात. त्यातला अर्धा तास गरम पाण्याला मिळाला, तर सर्वाधिक दिलासा मिळेल तो देयकाच्या धास्तीने गार पाणी अंगावर घेणाऱ्या वृद्धांना.