टायरवरची नक्षी नवीकोरी, तरी टायर बाद! जुन्या स्पोर्ट्स कारचे टायर निवडताना नेमकं काय बघायचं?

तारीख ३० नोव्हेंबर २०१३. कॅलिफोर्नियातलं सांता क्लॅरिटा शहर.

'फास्ट अँड फ्युरियस'मुळे जगभर पोहोचलेला पॉल वॉकर एका चॅरिटी कार्यक्रमातून मित्रासोबत गाडीतून बाहेर पडला. गाडी मित्र चालवत होता. थोड्याच वेळात गाडी रस्ता सोडून दिव्याच्या खांबाला आणि झाडांना धडकली, तिने पेट घेतला आणि दोघांचाही मृत्यू झाला. वॉकर तेव्हा ४० वर्षांचा होता.

गाडी होती २००५ ची पोर्शे कॅरेरा जीटी. ६०० हॉर्सपॉवरच्या पुढचं व्ही-१० इंजिन, मॅन्युअल गिअर, आणि घसरणारी गाडी आपोआप सावरणारी इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल यंत्रणा नाही.

मार्च २०१४ मध्ये तपासाचा निष्कर्ष आला. ताशी ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ताशी ८० ते ९३ मैल, म्हणजे साधारण १३० ते १५० किलोमीटर वेगाने धावत होती. अपघाताचं मुख्य कारण हा वेगच. गाडीत यांत्रिक बिघाड सापडला नाही. पण तपासात आणखी एक गोष्ट नोंदवली गेली, जिच्याकडे आपल्याकडे फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. गाडीचे टायर नऊ वर्षांहून जुने होते आणि त्यामुळे गाडीच्या हाताळणीवर परिणाम झालेला असू शकतो, असं तपास अधिकाऱ्यांनी म्हटलं होतं.

टायर जुने होते म्हणूनच अपघात झाला, असं कुणी म्हटलेलं नाही. पण कोट्यवधींची गाडी, गाड्यांमधली जाण असलेली माणसं, आणि तरी नऊ वर्षांचे टायर. असं का होतं?

गाडी उभी, टायर म्हातारे

आपली रोजची गाडी वर्षाला दहा-पंधरा हजार किलोमीटर पळते. तिचे टायर म्हातारे होण्याआधी गोटे होतात, म्हणजे आपण बदलतोच. स्पोर्ट्स कारचं उलटं आहे. ती गॅरेजमध्ये कव्हरखाली असते, महिन्यातून एखाद्या रविवारी बाहेर निघते. आठ वर्षांनी बघितलं तर टायरवरची नक्षी जवळपास तशीच. मालक खूश.

पण रबर किलोमीटरवर नाही, काळावरही म्हातारं होतं. हवेतला ऑक्सिजन, ओझोन, ऊन आणि उष्णता यांनी ते कडक होत जातं. रबर चिवट राहावं म्हणून त्यात संरक्षक मेण आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरतो, दबतो, तेव्हा ती पृष्ठभागावर येत राहतात. गाडी उभीच असेल तर हे काम नीट होत नाही. शिवाय एकाच जागी उभं राहून टायरला खाली चपटेपणा येतो तो वेगळाच.

कडक झालेलं रबर रस्त्याला धरत नाही. संथ चालवताना हे कळतही नाही. कळतं ते जोरात ब्रेक दाबल्यावर किंवा ओल्या वळणावर.

मग वय बघायचं कुठे?

टायरच्या बाजूला 'डीओटी'ने सुरू होणारा कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे बघायचे. '२३१९' असेल तर टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलाय. हे चार आकडे बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतात, त्यामुळे दिसले नाहीत तर गाडीखाली वाकून आतली बाजू बघा. शेवटी तीनच आकडे असतील तर विषय संपला, तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे.

अनेक कार कंपन्या साधारण ६ वर्षांनी टायर बदला म्हणतात. टायर कंपन्यांचा सल्ला साधारण असा, की ५ वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्या आणि १० वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी बदला. ताकदवान गाडीसाठी यातला कमी आकडा धरलेला बरा.

आता खरा प्रश्न: नवे कोणते घ्यायचे?

इथेच जुन्या गाडीचा मालक अडकतो. कारण गाडी आली तेव्हाचं टायरचं मॉडेल कंपनीने कधीच बंद केलेलं असतं. अशा वेळी तीन वाटा असतात.

पहिली वाट, कंपनीने मान्य केलेला नवा टायर. पोर्शेसाठी मंजूर टायरवर 'एन०', 'एन१' असे शिक्के असतात, बीएमडब्ल्यूसाठी तारा असतो. त्याच साइझचा, पण गाडीसोबत तपासलेला टायर, असा त्याचा अर्थ. कॅरेरा जीटीचंच बघा. २००४ मध्ये या गाडीने नुरबुर्गरिंगची फेरी ७ मिनिटं २८.७१ सेकंदांत पूर्ण केली होती. वीसेक वर्षांनी मिशेलिनने याच गाडीसाठी नवे टायर बनवले आणि वेळ आली ७ मिनिटं १२.६९ सेकंद. मॉडेल तेच, ट्रॅक तोच, फरक १६ सेकंदांचा. यात ड्रायव्हरचाही वाटा असणार, पण रबराचं तंत्र किती पुढे गेलंय ते यातून कळतं.

दुसरी वाट, जुन्या चेहऱ्याचा नवा टायर. पिरेली आणि मिशेलिन या कंपन्या क्लासिक गाड्यांसाठी जुन्या साइझचे, जुन्या नक्षीचे टायर आजही बनवतात. ऐंशीच्या दशकातल्या काही गाड्यांना मिशेलिनचे टीआरएक्स टायर यायचे. त्यांच्या रिमचं माप इंचात नाही, मिलिमीटरमध्ये असतं आणि त्यावर साधा टायर बसतच नाही. अशा मालकाला एकतर तेच टायर महाग घ्यावे लागतात, नाहीतर रिमच बदलावे लागतात.

तिसरी वाट, साइझ बदलणं. इथे गणित चुकलं की घोळ होतो. उदाहरणार्थ, १९८९ मध्ये आलेल्या पहिल्या माझ्दा एमएक्स-५ ला १८५/६० आर १४ टायर होते. अनेक मालक १९५/५० आर १५ घालतात. पहिल्याचा बाहेरचा व्यास येतो ५७७.६ मिमी, दुसऱ्याचा ५७६ मिमी. फरक दीड मिलिमीटरच्या आसपास, म्हणून हे जमतं. व्यास बराच बदलला तर स्पीडोमीटर चुकीचा वेग दाखवतो आणि एबीएसचा हिशोबही बिघडू शकतो.

रुंद म्हणजे भारी, हा गैरसमज

रुंद टायर दिसायला भारीच. पण पाण्यात तो जास्त लवकर तरंगतो. ट्रॅकसाठी बनवलेल्या टायरवर नक्षी कमी असते, त्यामुळे कोरड्यात तो वाघ आणि आपल्या जुलैमध्ये शेळी. शिवाय जास्त पकड म्हणजे जुन्या बुश, बेअरिंग आणि सस्पेन्शनवर जास्त ताण. मुळात तेवढ्या ताणासाठी ती गाडी बनलेलीच नसते.

लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंग मूळ टायरपेक्षा कमी नको. साइझच्या पुढे '९१ व्ही' असेल तर ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो आणि व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंत. आणि शक्यतो चारही टायर एकाच मॉडेलचे घ्या. दोनच बदलणार असाल तर नवे मागे टाका. पुढचे घसरले तर गाडी सरळ जाते, मागचे घसरले तर गाडी गरकन फिरते, आणि ते सावरणं जास्त अवघड. अर्थात पुढच्या-मागच्या चाकांची साइझ वेगळी असेल तर ही अदलाबदल होत नाही.

आपल्याकडचं गणित

जून २०२० मध्ये केंद्राने टायरची आयात 'मुक्त' यादीतून 'निर्बंधित' यादीत टाकली, म्हणजे आयातीसाठी परवाना लागू झाला. त्यामुळे दुर्मीळ साइझसाठी आपल्याकडे वाट बघायची तयारी लागते. दिलासा एवढाच की २२ सप्टेंबर २०२५ पासून कारच्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय.

आणि हा फक्त श्रीमंतांच्या छंदाचा विषय नाही. समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा २०२३ मध्ये परिवहन विभागाने टायर तपासून झिजलेल्या टायरच्या गाड्या परत पाठवायला सुरुवात केली. पण तपासणीत चटकन दिसते ती नक्षी, वय नाही. आई-बाबांची वर्षातून चारदा निघणारी जुनी गाडी किंवा डिकीत आठ वर्षं पडून असलेली स्टेपनी तिथे सहज पास होईल.

त्यामुळे सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा बोनेट उघडायच्या आधी गुडघ्यावर बसा आणि ते चार आकडे वाचा. टायर जुने निघाले तर चार टायरची किंमत सौद्यातून वजा करा, आणि टायर बदलल्याशिवाय गाडी हायवेवर नेऊ नका. शेजारच्या सीटवर बसणाऱ्याला तर टायरचं वय विचारायचं सुचतही नाही. पॉल वॉकर त्या दिवशी शेजारच्याच सीटवर होता.