कॉलेजच्या मागच्या गेटची किल्ली

मुलाला-मुलीला कॉलेजात प्रवेश मिळाला की आपण फी किती, शिष्यवृत्तीचा फॉर्म कोणत्या खिडकीवर, हजेरी किती टक्के लागते, एवढे विचारून घरी येतो. वादळ आले, पाणी चढले, तर इथल्या दीड-दोन हजार पोरांचे तुम्ही काय करणार, हे कुणी विचारत नाही. वस्तीतल्या पालकांबरोबर आम्ही नवी मुंबईतल्या बऱ्याच कॉलेजांच्या पायऱ्या चढलो आहोत. हा प्रश्न काढला की कार्यालयातले बाबू चष्म्यावरून बघतात. जणू आम्ही फी माफी मागितली!

चक्रीवादळ म्हणजे ओडिशा-आंध्रचे दुखणे, असे आपल्याकडे पुष्कळ वर्षे चालले. 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले, तेव्हा तो समज गेला. श्रीवर्धन, दिवेआगरच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या, घरांचे पत्रे आणि कौले उडाली, कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. पुढच्याच वर्षी, 17 मे 2021 ला 'तौक्ते' मुंबईच्या समुद्रातून गुजरातकडे गेले. ते इथे आदळले नाही, नुसते बाजूने गेले. तरी कुलाब्याला वाऱ्याने ताशी शंभर किलोमीटरचा आकडा ओलांडला आणि भर समुद्रात पी-305 हा तराफा बुडून कितीतरी कामगार प्राणाला मुकले.

या दोन्ही वेळी कोरोनामुळे कॉलेजे बंद होती. वर्ग रिकामे, बाके रिकामी. त्यामुळे आपल्या कॉलेजांची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही. अरबी समुद्रातल्या वादळांचे हंगाम दोन. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये. दुसरा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात. 'फयान' आले ते 11 नोव्हेंबर 2009 ला. आता कॉलेजचे वेळापत्रक काढून बघा. एका हंगामात प्रवेश, दुसऱ्यात सत्र परीक्षा. पेपर बुडेल या भीतीने आपली पोरे गुडघाभर पाण्यातूनही जाणार, कारण एक वर्ष वाया जाणे म्हणजे काय ते आपल्या घरांना पक्के ठाऊक आहे. म्हणून वादळात पेपर पुढे ढकलायचा निर्णय कोण घेणार आणि तो मुलांना किती वाजेपर्यंत कळणार, हा पहिला प्रश्न. हे होऊ शकते. 3 मे 2019 ला 'फनी' ओडिशावर आले, तेव्हा डॉक्टरकीच्या प्रवेशाची नीट परीक्षा दोन दिवसांवर होती. ओडिशापुरती ती पुढे ढकलली आणि 20 मे रोजी घेतली. भुवनेश्वरच्या एम्समध्ये वसतिगृहाचे छप्पर वाऱ्याने उचलले, पण विद्यार्थी सुखरूप राहिले. याच ओडिशात 1999 च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसे मेली होती. मधल्या वीस वर्षांत तिथल्या लोकांनी निवारे बांधले, सराव केले, इशारा मिळताच घर सोडायची सवय लावून घेतली.

इशारा आता वेळेवर मिळतो. वादळ येणार असेल तर हवामान खाते 48 तास आधी सावधगिरीचा आणि 24 तास आधी पक्का इशारा देते. प्रश्न असतो इशारा आल्यानंतरचा. तो प्राचार्यांच्या टेबलावर पडून राहतो की वर्गात पोहोचतो?

आता आपल्या शहराचे बघू. सिडकोने खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव टाकून ही उपनगरे वसवली आणि पावसाचे पाणी सामावून घ्यायला धारण तलाव ठेवले. भरतीला खाडीकडची झापे मिटतात, ओहोटीला उघडतात, मग तलावातले पाणी बाहेर पडते. तलावात गाळ आणि खारफुटी माजल्याची ओरड वर्षानुवर्षांची. म्हणून वाशी, नेरूळ, बेलापूर भागात नुसता पाऊस बघून चालत नाही, भरतीची वेळही बघावी लागते. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एका वेळी आले तर रस्त्यावरचे पाणी जाणार कुठे? ज्याला हे कळत नाही तो शिपायाला सांगतो, "घंटा वाजव आणि सोड सगळ्यांना."

ही सरसकट सुट्टीच आम्हाला सर्वांत जास्त भिववते. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी जी मुले शाळा-कॉलेजच्या वरच्या मजल्यावर रात्रभर थांबली ती उपाशी राहिली, पण सकाळी घरी आली. वाहत्या पाण्यातून घर गाठायला निघालेल्यांतले पुष्कळ जण परतले नाहीत. आणि 29 सप्टेंबर 2017 ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर पावसामुळे गर्दी थबकली, त्या चेंगराचेंगरीत 23 माणसे गेली. हजार मुले एकाच मिनिटाला नेरूळ किंवा वाशी स्टेशनकडे सोडली आणि लोकल बंद असली तर? तेव्हा इशारा आदल्या दिवशीचा असेल तर कॉलेज उघडूच नये. पाणी अचानक चढले तर मुलांना आत ठेवावे, वरच्या मजल्यावर, काचांपासून लांब, आणि पालकांना तसे कळवावे. आत ठेवायचे म्हणजे पिण्याचे पाणी, बिस्किटे, बॅटऱ्या, मुलींसाठी उघडे स्वच्छतागृह आणि थांबणाऱ्या शिक्षिका हवेत. यासाठी मोठा निधी लागत नाही, आधी विचार करावा लागतो.

आता त्या गेटविषयी. एका कॉलेजात आम्ही शेजारच्या मुलीच्या कामासाठी गेलो होतो. रांग लांब होती म्हणून आवारात फेरी मारली. वाळूच्या लाल बादल्यांत पानाच्या पिचकाऱ्या, जिन्याखाली मोडकी बाके, आणि मागच्या गेटला गंजलेले कुलूप. किल्ली कुणाकडे, हे तिघांना विचारले. शिपाई म्हणाला वॉचमनकडे, वॉचमन म्हणाला हेडक्लार्ककडे, हेडक्लार्क रजेवर! आम्हीही कारकुनीच करतो, त्यामुळे किल्ली कशी हरवते हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण राज्यात 2006 चा आग प्रतिबंधक कायदा आहे आणि आगीची साधने चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. पालकाने ते नम्रपणे बघायला मागावे. मागितले की बादल्या धुतल्या जातात, हा आमचा अनुभव.

राष्ट्रीय सेवा योजनेत मुले वर्षाला 120 तास काम करतात. त्यातले काही तास बाहेर पडण्याच्या सरावाला आणि प्रथमोपचाराला द्यावेत, असे कार्यक्रम अधिकाऱ्यांना सुचवा. अंध, अपंग विद्यार्थ्याला जिन्यावरून कोण उतरवणार याची नावेसुद्धा त्याच दिवशी ठरवावीत.

हॉस्टेलवरच्या पोरांची गोष्ट वेगळी. मराठवाड्या-विदर्भातून आलेला मुलगा सुट्टी दिली म्हणून जाणार कुठे? त्याच्या खोलीचा मजला, वॉर्डनचा फोन आणि जवळच्या ओळखीच्या घराचा पत्ता गावाकडच्या आई-वडिलांकडे कागदावर लिहिलेला असावा. वादळात मोबाईलचे टॉवरही झोपतात, रायगडने हे पाहिले आहे. मदतीसाठी 112, रुग्णवाहिकेला 108, जिल्हा नियंत्रण कक्षाला 1077, हे आकडे घरात सर्वांना पाठ असू द्या.

आणि कागदपत्रे! पुरात भांडी गेली तर भांडी येतात. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, गुणपत्रिका भिजल्या तर पुन्हा मिळवताना बापाच्या किती खाड्यांची मजुरी जाते, ते आमच्याकडे अर्ज लिहून घ्यायला येणाऱ्यांना विचारा. तेवढ्यात प्रवेशाची तारीख निघून जाते. सर्व मूळ कागद जाड प्लास्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उंचावर ठेवा, पत्र्याच्या पेटीत तळाशी नको. एक झेरॉक्स संच दुसऱ्या गावच्या नातेवाइकाकडे द्या, आणि मुलांना सांगून डिजिलॉकरमध्ये जे चढते ते चढवून घ्या.

शेवटची गोष्ट दिघा, तुर्भे, रबाळेच्या डोंगरउतारावर पत्र्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी. 'निसर्ग'च्या वेळी रायगडात हजारो लोकांना शाळांत आणि पक्क्या इमारतींत हलवले होते. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने प्रशासनाला अशी इमारत ताब्यात घेता येते. आपल्या वस्तीला कोणती शाळा, कोणते कॉलेज नेमले आहे, हे महापालिकेच्या विभाग कार्यालयात मे महिना उजाडण्याआधी विचारून घ्या. उत्तर लेखी मागा. महिला मंडळाच्या दोघी-तिघी बरोबर गेल्या तर उत्तर लवकर मिळते. आणि त्या इमारतीच्या गेटची किल्ली रात्री कुणाकडे असते, तेही त्याच अर्जात विचारा.